परदेशातील स्वयंसेवा : पारपत्र आणि व्हिसाचे नियम

परदेशात विनामोबदला सेवा करणाऱ्यांनाही प्रवेशाचे नियम लागू असतात. पर्यटक व्हिसावर जाऊन शाळेत शिकवणे किंवा रुग्णालयात मदत करणे अनेक देशांत नियमभंग ठरते. अशा व्यक्तीला मायदेशी परत पाठवले जाऊ शकते आणि पुढे व्हिसा मिळणेही कठीण होते.

बेंगळुरूतील शिवाजीनगरच्या रहिवाशांचे पारपत्र अर्ज शहराच्या कोरमंगल भागातील प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. ऑनलाइन अर्ज केल्यावर पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ कागदपत्रे सादर करावी लागतात. पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत होते. प्रौढांचे पारपत्र १० वर्षांसाठी वैध असते. मात्र प्रवासाच्या वेळी किमान ६ महिन्यांची वैधता शिल्लक असावी, अशी अनेक देशांची अट आहे.

भेटीचा मुख्य हेतू वेगळा असल्यास ब्रिटनमध्ये पाहुणा व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत सेवा करता येते. त्याहून अधिक काळासाठी २०२१ पासून स्वतंत्र धर्मादाय कार्यकर्ता व्हिसा आहे. तो कमाल १२ महिन्यांसाठी मिळतो व त्यासाठी परवानाधारक संस्थेचे प्रायोजकत्व प्रमाणपत्र आवश्यक असते.

लहान मुलांसोबत काम करायचे असल्यास अनेकदा पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र मागितले जाते. त्याचा अर्जही पासपोर्ट सेवेमार्फतच करता येतो. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

तिकीट काढण्यापूर्वी यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र घ्यावे आणि कामाचे स्वरूप कळवून योग्य व्हिसाची संबंधित दूतावासाकडे खातरजमा करावी.