सिगारेटच्या करावर उभा राहिलेला मुलांचा विमा

आपल्यापैकी बहुतेकांचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीला बांधलेला असतो. मुलाला ताप आला की आपण पीडियाट्रिशियनकडे जातो, को-पे देतो आणि विसरून जातो. २००१-०२ च्या मंदीत ज्यांच्या हाती पिंक स्लिप पडली आणि पाठोपाठ कोब्राच्या हप्त्याचा आकडा आला, त्यांना ही दोरी किती बारीक आहे ते कळलं. पण या देशात मुळात नोकरीबरोबर विमाच मिळत नाही असे लोकही खूप आहेत. आपल्या कोपऱ्यावरच्या गॅस स्टेशनवरचा कॅशियर, डे-केअरमधली बाई, छपराची कामं करणारा माणूस. मेडिकेड मिळायला मिळकत थोडी जास्त, आणि खाजगी विमा घ्यायला फारच कमी. १९९७ साली अमेरिकेत साधारण एक कोटी मुलं विम्याशिवाय होती, म्हणजे दर सात मुलांमागे एक. त्यांच्यासाठी निघालेली योजना म्हणजे स्टेट चिल्ड्रन्स हेल्थ इन्शुरन्स प्रोग्रॅम, थोडक्यात 'एस-चिप'. या योजनेत पैसा कसा आला आणि कसा अडला हे पाहिलं, की तिचं यशापयश बरंचसं उलगडतं.

या कल्पनेचा एक उगम वॉशिंग्टनपासून दूर, पश्चिम पेनसिल्व्हेनियात आहे. ऐंशीच्या दशकात पिट्सबर्गच्या आसपासच्या पोलाद गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कामगारांच्या घरातला विमा पगाराबरोबरच गेला. तेव्हा १९८५ साली तिथल्या ब्लू क्रॉसने आणि चर्चच्या मंडळींनी वर्गणी जमवून कामगारांच्या मुलांचा विमा उतरवायला सुरुवात केली. आपल्याकडे गावात शाळेसाठी पट्टी काढतात, तसाच प्रकार. १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने सिगारेटच्या करातून पैसे काढून स्वतःची मुलांची विमा योजनाच सुरू केली. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडानेही त्याच सुमारास असे प्रयोग केले होते.

१९९४ मध्ये क्लिंटन यांची सर्वांसाठी विम्याची मोठी योजना कोसळली. निदान मुलांपुरतं तरी काही करावं, असा विचार त्यातून पुढे आला. मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी आणि युटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच या दोन टोकांच्या माणसांनी मिळून १९९७ साली विधेयक आणलं. सिगारेटच्या पाकिटावर ४३ सेंट जादा कर बसवायचा आणि त्यातला मोठा वाटा मुलांच्या विम्यावर खर्च करायचा, अशी मूळ सूचना. ती पहिल्या फेरीत पडली, कारण बजेटबद्दल दोन्ही पक्षांचा झालेला समझोता मोडेल अशी व्हाइट हाउसलाच धास्ती होती! पण काही आठवड्यांतच ती 'बॅलन्स्ड बजेट अ‍ॅक्ट'च्या पोटात शिरून परत आली. ५ ऑगस्ट १९९७ रोजी क्लिंटन यांनी सही केली. दहा वर्षांसाठी सुमारे ४० अब्ज डॉलर ठरले. सिगारेटवरचा कर २४ सेंटांवरून दोन टप्प्यांत ३९ सेंटांवर गेला.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाचा फरक आहे. मेडिकेड हा हक्क आहे. पात्र माणूस दारात आला की सरकारला खर्च करावाच लागतो. एस-चिपमध्ये मात्र केंद्र सरकार दर वर्षी प्रत्येक राज्याला ठरावीक रक्कम देणार, आणि ती संपली की संपली. राज्यांनी पुढे यावं म्हणून आमिषही होतं. मेडिकेडमध्ये ज्या राज्याला डॉलरमागे ५० सेंट केंद्राकडून मिळत, त्याला इथे ६५ सेंट मिळणार. राज्यांनी मेडिकेड वाढवावं, वेगळी योजना काढावी किंवा दोन्ही करावं, अशी मुभा होती. मग नावांची हौस भागवून झाली. जॉर्जियाची 'पीचकेअर', विस्कॉन्सिनची 'बॅजरकेअर', न्यूजर्सीची 'किडकेअर', जी पुढे 'फॅमिलीकेअर' झाली.

सुरुवातीची अडचण भलतीच होती. पैसे पडून राहिले. पालकांना योजनाच ठाऊक नव्हती, आणि फॉर्म असे लांबलचक की टॅक्स रिटर्न सोपा वाटावा. १९९८ चे पैसे वापरायला राज्यांना तीन वर्षं होती, तरी मुदत संपली तेव्हा जवळजवळ निम्मी रक्कम शिल्लक होती. मग फॉर्म लहान झाले, टपालाने अर्ज घेतले जाऊ लागले, शाळांतून पत्रकं वाटली गेली. या शोधमोहिमेत एक अनपेक्षित फायदा झाला. एस-चिपसाठी अर्ज करणाऱ्या कितीतरी मुलांना आधीपासूनच मेडिकेड मिळू शकत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. ती मुलंही विम्याखाली आली.

आणि मुलं येऊ लागली तेव्हाच पैसा आटला. २००२ पर्यंत बजेट जुळवायचं म्हणून १९९७ च्या कायद्यातच २००२ ते २००४ या वर्षांची रक्कम वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक कमी लिहून ठेवलेली होती. नेमकी तीच मंदीची वर्षं ठरली. शिवाय वाटपाचं सूत्रही विचित्र होतं. राज्यात विमा नसलेली गरीब मुलं किती, यावर वाटा अवलंबून. म्हणजे ज्याने मन लावून काम करून मुलांना विमा दिला, त्याचाच वाटा घटण्याची शक्यता! फ्लोरिडाने २००३ मध्ये नवे अर्ज थांबवले आणि प्रतीक्षायादी नव्वद हजारांच्या घरात गेली. टेक्सासने त्याच वर्षी आपल्या बजेटची तूट भरून काढताना मुलांचे दात आणि डोळे वगळले, आणि वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी नूतनीकरण सक्तीचं केलं. दोन वर्षांत तिथली पाच लाख मुलांची संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास आली. ही सगळी मुलं काही श्रीमंत झाली नव्हती. माझ्या मते टेक्साससारखं उदाहरण शोधून सापडणार नाही: नूतनीकरणाचा एक जादा फॉर्म ही सुद्धा कपातच असते.

दातांना कोण विचारतो, असं वाटत असेल तर २००७ सालची मेरीलँडमधली घटना सांगतो. बारा वर्षांच्या एका मुलाच्या किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि तो दगावला. दात काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. त्याला वाचवण्याच्या धडपडीत अडीच लाखांच्या आसपास खर्च झाला. त्याच्या घरचं मेडिकेड मध्येच खंडित झालेलं होतं.

त्याच वर्षी योजनेची दहा वर्षं संपत होती. काँग्रेसने वाढीव पैशांचं विधेयक मंजूर केलं, बुश यांनी ऑक्टोबरमध्ये व्हीटो वापरला, डिसेंबरमध्ये पुन्हा वापरला. त्यांचा आक्षेप असा, की ज्यांना खाजगी विमा परवडतो तेही सरकारी विम्याकडे वळतील. हा आक्षेप अगदीच हवेतला नव्हता. योजनेत आलेल्या दर शंभर मुलांमागे खाजगी विमा २५ ते ५० मुलांनी घटतो, असा काँग्रेसच्या बजेट ऑफिसचाच अंदाज होता. पण विमा सोडणाऱ्या त्या कुटुंबांच्या पगारातून हप्त्यापोटी किती जात होतं, हेही बघायला हवं. अखेर ४ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामा यांनी सही केली. सिगारेटवरचा कर ३९ सेंटांवरून १ डॉलर १ सेंट झाला, दातांचे उपचार सक्तीचे झाले, राज्यांचा वाटा प्रत्यक्ष खर्चावर ठरू लागला आणि नावातला 'एस' गळून नुसतं 'चिप' उरलं.

आपल्या लोकांशी थेट संबंध असलेलं एक कलमही त्यात होतं. १९९६ च्या कायद्याने नव्या ग्रीनकार्डधारकांना पाच वर्षं मेडिकेड बंद केलं होतं, आणि १९९७ पासून एस-चिपलाही तोच नियम लागू झाला. कर मात्र पहिल्या दिवसापासून भरायचा. २००९ मध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या मुलांसाठी ही अट काढून टाकायची मुभा राज्यांना मिळाली. बऱ्याच राज्यांनी ती वापरली, काहींनी नाही. सरकारी विमा घेतला तर इमिग्रेशनमध्ये अडचण येईल ही भीती तर त्याहून जुनी. १९९९ मध्ये इमिग्रेशन खात्याने खुलासा केला, तरी अनेक घरांत ती गेली नाही.

फळ काय मिळालं? विमा नसलेल्या मुलांचं प्रमाण १९९७ च्या सुमारे १४ टक्क्यांवरून २०१५-१६ च्या सुमारास ५ टक्क्यांवर आलं. त्यात मेडिकेडचा वाटा मोठा आहे, पण घसरण सुरू झाली ती या योजनेनंतर.

तरीही ३० सप्टेंबर २०१७ ला मुदत संपली आणि काँग्रेसने वेळेत काहीच केलं नाही. कोलोराडोने नोव्हेंबरमध्ये पालकांना विमा बंद होऊ शकतो अशी पत्रं धाडली, अलाबामाने नवे अर्ज थांबवण्याची घोषणा केली. ११४ दिवसांनी, २२ जानेवारी २०१८ ला, सहा वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि काही दिवसांतच ती दहा वर्षांची झाली. गंमत म्हणजे दहा वर्षांच्या मुदतवाढीने सरकारचे सुमारे ६ अब्ज डॉलर वाचतात, असा हिशेब बजेट ऑफिसने तोवर मांडला होता. चिप नसेल तर यातली बरीच मुलं ओबामाकेअरच्या अनुदानित विम्यात जातात, आणि तो सरकारला महाग पडतो.

डिसेंबर २०२२ च्या कायद्याने केंद्राचे पैसे ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत वाढवले. त्याच कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून सर्व राज्यांना, टेक्सास धरून, एकदा पात्र ठरलेल्या मुलाचा विमा सलग बारा महिने चालू ठेवणं बंधनकारक केलं आहे.