एकाच कोडच्या दोन प्रती

मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या कंपनीच्या कोडमध्ये पावती तयार करणारं फंक्शन दोन ठिकाणी होतं आणि मला त्यातलं एकच ठाऊक होतं. तिथला बग काढला, तपासला आणि शुक्रवारी रात्री वर्ध्याची गाडी धरली. शनिवारी दुपारी घरी आबाजींची जुनी ट्रंक उपसत बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. दुसऱ्या प्रतीत तोच बग तसाच होता आणि ग्राहकांना चुकीच्या पावत्या जात होत्या.

ते निस्तरल्यावर रात्री झोप येईना. अशी चूक माझ्याहून मोठ्या लोकांनी केली असेलच, म्हणून शोधायला लागलो. लिनक्सच्या कर्नेलमध्येच सापडली. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्यातही लिनक्सचाच कर्नेल आहे.

कुठलंही अ‍ॅप नेटवर्कशी बोलतं ते सॉकेटमधून. या सॉकेटच्या काही सेटिंग असतात: आलेला डेटा साठवायला जागा किती, छोटी पाकिटं लगेच पाठवायची की थोडी साचू द्यायची, वगैरे. त्या बदलण्यासाठी ‘सेटसॉकऑप्ट’ नावाचा कॉल आहे. बर्कलीच्या ४.२ बीएसडीतून तो १९८३ मध्ये जगापुढे आला आणि अजून त्याच नावाने चालतो.

२०१७ मध्ये फेसबुकच्या लॉरेन्स ब्राकमो यांनी हीच सोय बीपीएफ प्रोग्रामना दिली. बीपीएफ म्हणजे चालू कर्नेलमध्ये बाहेरून घालता येणारे छोटे, आधी तपासून घेतलेले प्रोग्राम. डेटा सेंटरमधल्या जोडण्या अ‍ॅपला हात न लावता जुळवून घेता याव्यात, हा हेतू. अडचण अशी की मूळ फंक्शन अ‍ॅपसाठी लिहिलेलं. ते किंमत अ‍ॅपच्या मेमरीतून जपून उचलतं आणि मग सॉकेटला कुलूप लावतं. बीपीएफची किंमत कर्नेलच्याच मेमरीत, आणि कुलूप तर आधीच लागलेलं. तेच कुलूप पुन्हा मागितलं तर स्वतःचीच वाट बघत बसायची वेळ. मग या दोन गोष्टी वगळून हव्या तेवढ्या सेटिंगचा कोड दुसऱ्या फाइलमध्ये उतरवला गेला. मीही तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू.

पुढे व्हायचं ते झालं. मूळ कोडमध्ये बफरच्या आकाराला अ‍ॅडमिनने ठरवलेली कमाल मर्यादा लागू होती. नकलेत ती राहूनच गेली. २०१९ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तिथे वेगळी दुरुस्ती करावी लागली. नवी सेटिंग आली की ती दोन्हीकडे लिहायची, हेही होतंच.

सुटका दोन टप्प्यांत झाली. २०२० मध्ये क्रिस्टोफ हेलविग यांनी एक नवा पॉइंटर आणला. पत्ता अ‍ॅपच्या मेमरीतला आहे की कर्नेलच्या, हे तो स्वतःच सांगतो. खरं तर त्यांना वेगळीच एक जुनी खोड मोडायची होती, पण रस्ता मोकळा झाला. मग ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुकचेच मार्टिन लाउ यांनी कुलपाचा प्रश्न सोडवला. कुलूप लावण्याआधी कोड एवढंच विचारतो: मला बीपीएफने बोलावलंय का? हो असेल तर कुलूप आहे असं धरून पुढे जायचं. मग नक्कल काढून टाकली, बीपीएफचा कॉलही मूळ कोडकडे वळवला, आणि हे बदल लिनक्स ६.१ मध्ये आले. बीपीएफने कुठल्या सेटिंगला हात लावायचा याची यादी मात्र वेगळीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रंकेकडे वळलो. आबाजी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेले, थेट कोविदपर्यंत. त्यांच्या हिंदीच्या पुस्तकात ‘अिस’, ‘अुसका’, ‘अेक’ असं छापलेलं. आधी वाटलं, छपाईच बिघडली आहे. मग लक्षात आलं, ही तर ‘अ’ची बाराखडी. ‘कि’मध्ये वेलांटी आहेच, मग ‘इ’साठी आणखी एक अक्षर कशाला? आ, ओ, औ आपण ‘अ’ला मात्रा-काना देऊनच लिहितो, उरलेलेही तसेच लिहा, टाइपाचे खिळे वाचतील. सावरकर आणि काकासाहेब कालेलकर, एरवी फार न जुळणारी माणसं, या मुद्द्यावर एकत्र होती. १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपली पुस्तकं याच पद्धतीने छापली.

इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना निर्दोष वाटते. तरी ती रुजली नाही. उत्तर प्रदेश सरकारने १९४७ मध्ये नेमलेल्या नरेंद्र देव समितीनेही ती नाकारली. माझ्या मते फरक इथे आहे. लाउ यांनी जे काढलं ते कुठल्याच प्रोग्रामला दिसत नव्हतं. १९८३ चा कॉल बाहेरून जसाच्या तसा राहिला. कालेलकरांनी काढलं ते लोकांच्या डोळ्यांपुढचं अक्षर होतं, आणि वाचणाऱ्याला तुमच्या खिळ्यांचा खर्च दिसत नाही, त्याला फक्त ओळखीचा ‘इ’ दिसेनासा होतो. आज तुमच्या फोनमध्ये युनिकोडनेही ‘इ’ला एक क्रमांक दिलाय आणि वेलांटीला दुसरा.

सोमवारी आमच्या दोन फंक्शनांचं एक करायला बसलो. दुसऱ्या प्रतीत परदेशी ग्राहकांसाठी एक अट जास्त निघाली. ती का घातली हे सांगू शकणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेलेला. फंक्शन आता एकच आहे. ती अट मी काढलेली नाही.