काचेतला नारिंगी आकडा

मैत्रिणींनो, काचेत नारिंगी आकडे पेटणारं घड्याळ पाहिलंय? ती निक्सी नळी, अमेरिकेच्या बरोज कंपनीनं 1955 साली आणलेली. आत निऑन वायू नि शून्य ते नऊ असे तारेचे आकडे, एकामागे एक. एलईडी आली नि ती मागे पडली. सोव्हिएत कारखाने मात्र बनवत राहिले, म्हणून सुटी नळी मिळते ती बहुधा तिकडचीच. त्यांच्या आयएन-12 मधला पाच म्हणजे चक्क उलटा दोन! ही काटकसर आपल्या ओळखीचीच.

डहाणू-तलासरीत असा भाग कुठला मिळायला? आम्ही डहाणू रोडहून गाडीनं जातो, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड धुंडाळतो. दहाही आकडे पेटवून बघतो. फार दिवस न वापरलेला आकडा अर्धामुर्धाच उजळतो. हवा शिरलेली नळी तर घेऊच नये. बसवताना प्लग काढूनही जरा थांबायचं, कारण नळीला 170 व्होल्टच्या आसपास लागतात नि कपॅसिटरमध्ये वीज उरते.