दुर्बीण पोटाची, मग डॉक्टर दात का बघतात?

पोटाची दुर्बीण (एंडोस्कोपी) करायला आलेल्या पेशंटला आम्ही विचारतो, "एखादा दात हलतो का? कवळी आहे का? कॅप, ब्रिज काही बसवलंय का?" बऱ्याच जणांना हा प्रश्न अस्थानी वाटतो. दुखतंय पोट आणि डॉक्टर बघतात दात! काही जण हसून विषय टाळतात. काही जण, विशेषतः सूनबाई किंवा जावई शेजारी उभे असले की, कवळी असूनही मान नकारार्थी हलवतात. या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा अनुभव आहे. तो समजला तर उत्तर द्यायला संकोच वाटणार नाही, म्हणून आज थोडा इतिहास.

गंमत अशी की भुलीचा जन्मच मुळी दातांपायी झाला. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी 11 डिसेंबर 1844 रोजी नायट्रस ऑक्साईड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढे त्यांचेच एकेकाळचे भागीदार विल्यम मॉर्टन, हेही दंतवैद्यच, यांनी 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल देऊन दाखवली. म्हणजे दात न दुखता काढता यावा म्हणून जी विद्या निघाली, तिच्यातच पुढे दात सांभाळायची चिंता आली.

1847 मध्ये ईथर कलकत्त्यात पोहोचलं. त्याच वर्षाच्या शेवटी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणलं आणि आपल्याकडे पुढची कित्येक दशकं त्याचंच राज्य होतं. उष्ण हवेत ईथर भराभर उडून जातं आणि पेटही घेतं. क्लोरोफॉर्मला रुमालावरचे थोडे थेंब पुरत. पण त्याने माणसं दगावतही होती, आणि ती हृदय थांबून दगावतात की श्वास थांबून, यावर डॉक्टरांत मोठं भांडण होतं. ते सोडवायचा प्रयत्न आपल्या अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या राज्यात झाला. निजामाच्या खर्चाने डॉ. एडवर्ड लॉरी यांनी 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशन भरवली. त्यांचा निष्कर्ष होता की धोका श्वासाचा आहे, हृदयाचा नाही. तो पुढे अपुरा ठरला, क्लोरोफॉर्म हृदयालाही थांबवू शकतं हे सिद्ध झालं. पण 'भुलीत श्वासावर नजर ठेवा' ही त्यांची शिकवण आजही तितकीच खरी आहे. (त्याच हैदराबादेत भूल देण्याचं काम करणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. त्यांच्यावर वेगळा लेख लिहायला हवा.)

आता श्वासाचा आणि दातांचा संबंध. गुंगीत माणसाचा जबडा सैल पडतो, जीभ मागे घसरते आणि घशाची वाट बंद होते. जो घोरतो त्याच्या घरच्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पूर्वी भूल देणाऱ्याचा एक हात सतत पेशंटच्या जबड्याखाली असे. जबडा पुढे उचलून धरायचा, म्हणजे जीभही पुढे येते. ही युक्ती 1870 च्या दशकात वैद्यकीय लिखाणात आली आणि आजही प्रत्येक भूलतज्ज्ञ पहिल्यांदा हेच करतो. पण पेशंटने दातखिळी बसवली तर? मग लोखंडी चिमटा घालून तोंड उघडावं लागे, आणि त्यात दात तुटत. लंडनचे फ्रेडरिक ह्युइट यांनी दातांमध्ये ठेवायचे आधार तयार केले आणि 1908 मध्ये जिभेमागची वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी सुचवली. आज ऑपरेशन थिएटरमध्ये दिसणारी वाकडी प्लॅस्टिकची नळी तिचीच वंशज.

आपल्या महाराष्ट्रात त्या काळी शस्त्रक्रिया कशा परिस्थितीत होत याचं एक उदाहरण सर्वांना ठाऊक असावं. 12 जानेवारी 1924 रोजी येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कर्नल मॅडॉक यांनी केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात संपवावं लागलं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारी चिमटी तेव्हा नव्हती. पेशंटचा रंग, श्वासाचा आवाज आणि नाडी, एवढ्यावर भूल चालायची. अशा अंधुक उजेडात घशात एखादा सुटा दात गेला असता तर तो कोणाला दिसला असता?

हेच गांधीजी 1936 च्या डिसेंबरात आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला आले होते, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला. उतारवयात ते कवळी वापरत, पण फोटो काढताना ती घालायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांचं बोळकं हसू साऱ्या देशाने पाहिलं. कवळी काढायला लाजणाऱ्या आजी-आजोबांना मी हे आवर्जून सांगतो.

पुढची पायरी म्हणजे घशात थेट पाहून श्वासनलिकेत नळी घालणं. 1895 मध्ये बर्लिनच्या किर्स्टाइन यांनी पहिल्यांदा सरळ पात्याने आत पाहिलं. 1943 मध्ये ऑक्सफर्डच्या मॅकिंटॉश यांनी वाकडं पातं आणलं. त्यामागे वरच्या दातांना कमी धक्का लागावा हाही विचार होता. हे पातं जगभर आजही वापरतात. ते डाव्या हातात धरतात, त्यामुळे पूर्ण भुलीत सर्वांत जास्त वेळा दुखावतो तो वरचा, समोरचा, डाव्या बाजूचा दात. तोच जर आधीच हलत असेल किंवा त्यावर कॅप असेल, तर धक्का लागायला फार जोर लागत नाही.

पोटाच्या दुर्बिणीचा इतिहास आणखी मजेदार आहे. 1868 मध्ये जर्मनीच्या कुसमाउल यांनी सरळ, ताठ नळी पोटात घालायला चक्क तलवार गिळणारा खेळिया निवडला, कारण मान एवढी मागे नेऊन घसा सरळ ठेवणं दुसऱ्या कोणाला जमणार? अशा नळीसमोर दातांची काय कथा! 1932 मध्ये शिंडलर यांची थोडी वाकणारी नळी आली. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंह कपानी आणि त्यांचे सहकारी हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे दाखवलं. त्याच तत्त्वावर हिर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये पूर्ण लवचीक दुर्बीण बनवली आणि पहिल्यांदा स्वतः गिळून पाहिली.

इथे गोष्ट उलटी झाली. आता दुर्बिणीपासून दातांना धोका कमी आणि दातांपासून दुर्बिणीला जास्त! गुंगीत माणूस नकळत जोरात चावतो. म्हणून दातांमध्ये भोक असलेली प्लॅस्टिकची कडी ठेवतात. ती दुर्बीण वाचवते, पण चावण्याचा सगळा भार समोरच्या दातांवर घेते. हलणारा दात तिथेच निखळू शकतो.

निखळला तर जातो कुठे? जागा माणूस खोकून बाहेर काढेल. गुंगीच्या औषधाने खोकल्याची ताकद मंदावलेली असते. पोटात गेला तर बहुधा शौचावाटे निघून जातो. श्वासनलिकेत गेला तर बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसात, कारण तिकडची वाट जास्त सरळ आहे. तिथे राहिला तर न्यूमोनिया होतो आणि काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. त्यातही कवळीचं गुलाबी ॲक्रिलिक एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही, तिची तार असली तर तारच तेवढी दिसते.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त आहे असं माझं मत आहे. तंबाखू आणि मशेरीने हिरड्या खराब होतात, दात हळूहळू सैल होतात आणि माणसाला त्याची सवय होऊन जाते. त्यात शिकलेले दंतवैद्य आपल्याकडे फार उशिरा आले. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय 1933 चं, आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा 1948 चा. तोवर, आणि काही ठिकाणी नंतरही, बाजारात बसून दात बसवून देणाऱ्यांचंच चाले. असे तारेने किंवा मसाल्याने शेजारच्या दातांना चिकटवलेले दात पेशंट 'फिक्स आहेत' म्हणून सांगतो. ते फिक्स नसतात. ते आम्हाला दाखवाच.

तारीख आधी ठरलेली असेल तर चार-आठ दिवस अगोदर दंतवैद्याकडे जाऊन या. फार हलणारा दात काढायचा की शेजारच्याला बांधायचा हे ते ठरवतील. कॅप, ब्रिज, इम्प्लांट, दातांच्या तारा, नुकतं रूट कॅनाल झालेला दात, सगळं सांगा. शौचाच्या जागेची दुर्बीण असली तरी सांगा, कारण गुंगीत श्वास अडला तर तोंडातूनच नळी घालावी लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात लोंबत असेल तर तेही. तातडीच्या वेळी दाताची वाट पाहता येत नाही, पण माहिती असली तर हात जपून चालतो.

कवळी घरूनच नाव लिहिलेल्या झाकणाच्या डबीत आणा. कागदात किंवा रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवू नका, चादरीबरोबर ती धुलाईला जाते. नातेवाइकांसमोर काढायची नसेल तर पडद्याआड काढा, तेवढी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि शुद्धीवर आल्यावर सगळ्या दातांवरून एकदा जीभ फिरवून बघा. काही टोचलं, तुटलं, कमी वाटलं तर गाडीत बसण्याआधीच सांगा. तुकडा सापडला नाही तर छातीचा एक्स-रे लगेच काढता येतो.