प्रकाश, काळ आणि कार्यकारणभाव

कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण नेहमी म्हणतो. पण कारणाचा परिणाम दूरवर पोहोचायला किती वेळ लागतो? भौतिकशास्त्राने हे मोजून दाखवले आहे.

१६७६ मध्ये ओले रोमर यांनी गुरूच्या 'आयो' या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा तपासल्या. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणे उशिरा दिसत होती. म्हणजे प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो. निर्वातात त्याचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. सूर्यावर आत्ता काही घडले, तर त्याआधी त्याचा कोणताही परिणाम पृथ्वीवर होऊ शकत नाही. म्हणून हा वेग केवळ प्रकाशाचा नाही. कोणत्याही कारणाचा परिणाम पोहोचण्याची ती कमाल मर्यादा आहे.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले की काळ सर्वांसाठी एकसारखा नसतो. दूर अंतरावरच्या दोन घटना एका निरीक्षकासाठी एकाच वेळी घडतात, तर वेगाने जाणाऱ्या दुसऱ्यासाठी मागेपुढे. मग एखाद्यासाठी कार्य आधी आणि कारण नंतर असे होईल का? नाही. पहिल्या घटनेपासून निघालेला प्रकाश दुसरीपर्यंत वेळेत पोहोचू शकत असेल, तर त्यांचा क्रम सर्वांसाठी तोच राहतो. एकमेकींवर परिणाम करूच शकत नाहीत, अशाच घटनांचा क्रम बदलतो. प्रकाशापेक्षा वेगवान संदेश शक्य असता, तर काही निरीक्षकांसाठी तो पाठवण्याआधीच पोहोचला असता.

२०११ मध्ये ही मर्यादा मोडल्यासारखे वाटले. सर्नहून सुमारे ७३० किलोमीटरवरील इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याची नोंद 'ऑपेरा' प्रयोगात झाली. शास्त्रज्ञांनी निष्कर्ष जाहीर करून इतरांना तपासायला सांगितले. २०१२ मध्ये सैल जोडलेली ऑप्टिकल फायबर केबल हे त्यामागचे मुख्य कारण निघाले.

आपल्यासाठी यात एक इशारा आहे. प्रतीत्यसमुत्पाद दुःखाची कारणसाखळी उलगडतो. सापेक्षता घटनांमधील काळ आणि अंतर मोजते. दोन्हींत कार्यकारणभाव आहे म्हणून 'विज्ञानाने धम्म सिद्ध केला' असे आपण म्हणू नये. ऑपेराच्या शास्त्रज्ञांनी स्वतःचाच दावा तपासायला खुला ठेवला. आपणही पुढे पाठवण्याआधी तपासू या.