टप : उघड्या जीपच्या छपराचा इतिहास

मागच्या डिसेंबरात पुण्याहून एक गृहस्थ आमची जीप पाहायला भंडाऱ्याला आले होते. जुन्या गाड्यांचे ते जाणकार. त्यांनी बॉनेट उघडून पाहिले, खाली वाकून चेसिस पाहिली, क्रमांक टिपून घेतले आणि समाधानाने मान हलवली. मग पत्र्याच्या छपरावर बोटांनी टकटक केले. "गाडी चांगली राखली आहे, ताई," ते म्हणाले, "फक्त हा टप कापून काढावा लागेल. तो मूळचा नाही." टप काढून, कॅनव्हासचे हूड चढवून गाडी 'मूळ रूपात' आणण्याचा खर्च त्यांनी किमतीतून वजा धरला होता. धाकट्या भावाला सौदा पसंत होता. मी आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांचे आठ महिने झाले. इतिहास शिकवण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे 'मूळचा' हा शब्द माझ्या कानाला खटकतो. मूळचा म्हणजे कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा, एवढेच का? आमच्या जीपला टप बसला १९७८ साली. कारखान्यातले हूड तिच्यावर जितकी वर्षे होते, त्याच्या कितीतरी पट अधिक काळ हा टप तिच्यावर आहे. मग उघड्या गाडीला पक्के छप्पर बसवणे हा गाडीचा बिघाड समजायचा, की तिच्या इतिहासातले एक पान? हा शोध मी आधी घराबाहेर घेतला आणि शेवटी घरात येऊन थांबले.

मोटारगाडीचा जन्मच उघड्यावर झाला. तिचा सांगाडा घोडागाडीकडून आला आणि घोडागाडीचे दुमडते हूडही तिच्याबरोबर आले. आपल्याकडच्या बैलगाड्यांतही हा भेद होताच. विदर्भात माल वाहायची बंडी उघडी, शंकरपटात पळवायचा छकडा तर नुसता हाडांचा सापळा, आणि लेकीबाळींना माहेरी न्यायची दमणी तेवढी टपाची. वेगाची गाडी उघडी आणि संसाराची गाडी झाकलेली, ही वाटणी मोटारीच्या आधीपासूनची आहे.

मोटारीत ही वाटणी बदलली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत दहांतल्या नऊ गाड्या उघड्या असत. दहा वर्षांत हे प्रमाण नेमके उलटे झाले. बंद गाडी तोवर श्रीमंतांची मानली जाई. १९२२ साली हडसन कंपनीने आपली एसेक्स ही बंद गाडी उघड्या गाडीच्या जवळपास किमतीत आणली आणि सामान्य गिऱ्हाइकाने उन्हापावसातून सुटका करून घेतली.

पण या बंद गाड्यांचेही छप्पर पुरते पत्र्याचे नव्हते. कडांना पत्रा, आणि मधल्या मोठ्या चौकटीत लाकडी कामट्यांवर ताणून बसवलेले जलरोधक कापड. कारण साधे होते. एवढ्या रुंदीचा अखंड पत्रा लाटणाऱ्या गिरण्या आणि तो एका दाबात घडवणारे प्रेस तेव्हा नव्हते. ती सोय झाल्यावर जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांवर एकसंध पोलादी छप्पर आणले. दरवाजे, मडगार्ड, बॉनेट हे सारे आधीच पोलादी झाले होते; छप्पर सर्वांत शेवटी झाले. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली, तो काळ या कापडी छपरांचाच. ज्या पोलादाने पुढे हे कापड हटवले, त्या पोलादाला मँगनीज लागते, आणि आमच्या तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्याच खाणी. गाडीचे पक्के छप्पर भंडाऱ्याला अगदीच परके नाही, ते असे.

जग असे बंद गाडीकडे वळलेले असताना १९४० साली अमेरिकी सैन्याने एक नवी उघडी गाडी मागवली. तीच जीप. वजनाला हलकी, चारही चाकांना जोर देणारी, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येणारी. वर लोखंडी कमानी आणि त्यांवर कॅनव्हास, तेही हवे तेव्हा काढून ठेवायचे. ही हौस नव्हती. गाडी शत्रूच्या नजरेला बुटकी दिसावी, जहाजाच्या खोक्यात कमी जागेत मावावी, शिपायाला कोणत्याही बाजूने उडी मारता यावी, असे तिचे हिशेब होते. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

युद्ध संपले आणि जीप नागरी झाली. पण उघडेपणा तसाच राहिला. मुंबईत १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत तिने विलीस जीपची जुळणी हाती घेतली. उंच नाकाची सीजे-थ्री-बी ही जीप अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढीच वर्षे बनली; आपल्याकडे तिचे उत्पादन त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातल्या माणसाला सरकारचे चालते-बोलते रूप वाटू लागले. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, जीप तीच राहिली. नागझिरा, नवेगावबांध हा आजच्या गोंदिया जिल्ह्यातला मुलूख १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. जंगल, खाणी, तलाव आणि धानाच्या बांध्या यांतून जाणारी वाट जीपलाच मानवे.

मात्र जिच्यासाठी ती आखली गेली, ती लढाई भंडाऱ्यात नव्हती. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि पावसाळ्यात १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कॅनव्हास उन्हाने चिरतो, पावसाने कुजतो. कडेच्या पडद्यांची बटणे वर्षभरात तुटतात. अधिकाऱ्याची गाडी बिघडली तर खात्याकडून नवे हूड येते; लिलावात जीप घेणाऱ्या गिरणीवाल्याला ते पदरमोड करून शिवावे लागते. म्हणून खाजगी मालकांच्या हाती आलेल्या जीपवर पत्र्याचे टप दिसू लागले. पुढे कंपनीही आपल्या जीप कापडी आणि पक्क्या अशा दोन्ही छपरांत देऊ लागली.

टप बसवणे दिसते तितके सोपे नाही. जीपची सारी ताकद खालच्या शिडीसारख्या चेसिसमध्ये असते. वरची बॉडी म्हणजे तिच्यावर ठेवलेले पत्र्याचे टोपले. खाचखळग्यातून जाताना चेसिस पिळवटते आणि टोपलेही तिच्याबरोबर थोडे पिळवटते. हूड कापडाचे असेल तर त्याला फरक पडत नाही. पत्र्याचा टप मात्र हा पीळ मानत नाही. अँगलची चौकट सरळ बॉडीला वेल्ड केली, तर वर्षा-दोन वर्षांत कोपऱ्यांवर चिरा पडतात. त्यातून पुढची काच बिजागरीवरची, म्हणजे टपाचा पुढचा टेकू मुळातच हलता. तिथली फट रबराने कितीही बुजवली तरी पाणी वाट काढतेच. आणखी एक गोष्ट म्हणजे वर चढलेले वजन. अवघ्या ८० इंचांच्या चाकांतराची ही गाडी, जड टपाने वळणावर अधिक कलते. नुसत्या पत्र्याचा टप उलटल्यावर माणसाला वाचवेल, हाही भ्रम. जाणता बॉडीवाला म्हणून हलका पत्रा घेतो आणि वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरतो. बोल्टखाली रबर देतो, म्हणजे टपालाही थोडे हलायला जागा राहते.

उघड्या स्पोर्ट्स मोटारींची गोष्ट याच्या उलटी आहे, आणि ती समजली की जीपची अधिक समजते. आधुनिक मोटारीला वेगळी चेसिस नसते. तळ, खांब आणि छप्पर मिळून एक पेटी होते. छप्पर काढले की पेटीचे झाकणच गेले. मग तळाच्या कडा जाड कराव्या लागतात, तरीही खड्ड्यात काच थरथरते. इंग्लंडची एमजीबी १९६२ मध्ये उघडी आली. १९६५ मध्ये तिच्यावर कायमचे पोलादी छप्पर चढवून तिची जीटी केली गेली, तेव्हा गाडी जड झाली, उठाव थोडा मंदावला. पण अंग ताठ झाले आणि वारा कापणे सुधारल्याने सरळ रस्त्यावर ती उघड्या बहिणीच्या पुढे जाई. १९८९ ची जपानी माझदा एमएक्स-५ घेणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तिचा कडक टप खटक्यांनी अडकवून हिवाळ्यापुरता ठेवायचा, की बोल्टने कायमचा जखडायचा? जखडला तर करकर थांबते आणि पाणी कमी झिरपते. पण उघडी गाडी घेण्याचे मुख्य कारणच संपते.

भारतात याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेली ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवली. अखंड बॉडी घडवून देणारा पुरवठादार मूळ कंपनीच्या हातून गेला होता, म्हणून तिने जुन्या पद्धतीची वेगळी चेसिस ठेवली आणि बॉडीचे सुटे भाग बोल्टने जोडले. छप्परही त्यांतलेच एक. त्यामुळे एकाच सांगाड्यावर बंद आणि उघडी अशा दोन्ही गाड्या निघत, आणि आपल्याकडे कित्येक हौशी मालकांनी बंद हेराल्डचे छप्पर उतरवून ती उघडी केली. आम्ही उघडी बंद केली, त्यांनी बंद उघडी केली. दोघांच्याही हातात पानाच होता.

कायद्याने हा पाना हळूहळू काढून घेतला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत केलेला बदल कळवून नोंदपुस्तकात चढवून घेण्याची तरतूद होती. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने दोरी आवळली. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेचा विचार केला तर हे योग्यच. कसेही कापाकापी केलेले वाहन दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. पण एक गंमत लक्षात येते. कायद्याचे 'मूळ' आणि संग्राहकाचे 'मूळ' दोन्ही कारखान्याच्या दारात थांबतात. गाडी वापरणाऱ्याने तिच्यात काय घातले, याला दोघांच्याही वहीत रकाना नाही.

म्हणून मी घरची वही उघडली. बाबांची धानाची गिरणी होती. जीप त्यांनी १९७१ मध्ये सरकारी लिलावात घेतली. १९७८ च्या जुलैमध्ये माझा भाऊ अडीच वर्षांचा होता आणि तापाने फणफणला होता. रात्री त्याला घेऊन नागपूरला निघालो. साठेक किलोमीटरची वाट, वरून धो धो पाऊस. कडेचा पडदा फाटून वाऱ्यावर फडफडत होता. आईने त्याला पदराखाली घेतले होते आणि नऊ वर्षांची मी धानाचे रिकामे पोते दोन्ही हातांनी त्यांच्यावर धरून बसले होते. भाऊ बरा झाला. घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "या उघड्या गाडीत मी आता लेकराला घेऊन नाही बसत." गिरणीच्या खर्चवहीत २१ ऑगस्टच्या पानावर बाबांच्या अक्षरात नोंद आहे : पत्रा, अँगल, बोल्ट, रबर, मजुरी. पुढे कंसात 'जीपचा टप'. नोंदपुस्तकातही तो बदल रीतसर चढवलेला आहे.

या मे महिन्यात मी जीप आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला दाखवली. टप कापताना खालची बॉडी किती खराब होईल, एवढेच विचारायचे होते. तो आत शिरला, टॉर्च लावून कडा पाहिल्या आणि हसला. "कापायचं काय त्यात, ताई? वेल्ड कुठंच नाही. सोळा बोल्ट आहेत." प्रत्येक बोल्टखाली टायरच्या ट्यूबमधून कापलेली रबराची चकती होती. कॅनव्हास अडकवायचे मूळ हूकही बॉडीवर जसेच्या तसे ठेवले होते, रंगाखाली बुजलेले. मग मला गिरणीचा माळा आठवला. तिथे बारदानात गुंडाळून, वर ग्रीस चोपडून, हुडाच्या दोन्ही कमानी ठेवलेल्या सापडल्या.

बाबांनी टप कायमचा बसवला, असे आम्ही सारे समजत होतो. तो त्यांनी गरज असेपर्यंतचा बसवला होता, आणि गरज संपल्यावर कुणाला गाडी उघडायची झाली तर त्याची सोय करून ठेवली होती. त्यांनी मुलाला पावसातून काढले. पण त्यासाठी जीपचे पहिले रूप मोडले नाही.

पुण्याच्या गृहस्थांना मी हे सगळे फोनवर सांगितले. टप कापू नये, उतरवला तर जपून ठेवावा आणि खर्चवहीच्या त्या पानाची प्रत गाडीच्या कागदांत लावावी, एवढी अट घातली. त्यांनी विचार करतो म्हटले. भावाला मी ते पान दाखवले. त्या रात्रीचे त्याला काहीच आठवत नाही. त्याने पान दोनदा वाचले आणि विक्रीचा विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या जुलैत आम्ही दोघे जीपने नागपूरला जाऊन आलो. मौद्याच्या पुढे जोराचा पाऊस लागला. काचेच्या आणि टपाच्या सांध्यातून पाणी अजूनही गळते, चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर. भाऊ चालवत होता. त्याने गुडघा थोडा बाजूला घेतला, एवढेच.