लाल बटणाचा डबा

गेल्या महिन्यात अम्मीसाठी गाण्याचा डबा घ्यायला बोईसर स्टेशनबाहेरच्या दुकानांतून फिरलो. स्मार्टफोन तिला नको असतो. बोट कुठे लागतं आणि काय सुरू होतं, ते तिला कळत नाही. तिच्या मागण्या साध्या होत्या. दाबली की कळतील अशी बटणं हवीत, सकाळी तिलावत आणि दुपारी जुनी गाणी लागायला हवीत, आणि पैसे फार घालवायचे नाहीत. दुकानदाराने सात-आठ डबे काउंटरवर मांडले आणि विचारलं, "बजेट किती, भाई?"

हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्या विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी आम्ही फक्त दुकानातली किंमत मोजली. खरा खर्च नंतर कळायचा.

आजोबांच्या काळात डबा म्हणजे ट्रान्झिस्टर. १९५४ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला आला, त्याची किंमत जवळजवळ ५० डॉलर होती. आपल्याकडे तो सामान्य घरात पोहोचायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. तोवर रेडिओ हे भिंतीजवळच्या फळीवरचं, विजेवर चालणारं जड सामान होतं, आणि वीज किती गावांत होती? ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा, म्हणून तो वाडीत, शेतावर, होडीवर गेला. पण तो घेतला म्हणजे झालं असं नव्हतं. त्याचं लायसन्स पोस्टातून काढावं लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. सेल उतरले की आजी ते उन्हात ठेवायची. तेवढ्यावर आणखी एखादा दिवस निघायचा.

आणि ऐकायचं काय, हे ठरवणारे दुसरेच. १९५२ मध्ये नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं. चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत, आकाशवाणीवर त्यांची वेळ घटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी अमीन सयानींची बिनाका गीतमाला तिथून सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. एका मराठी मंत्र्याने बंद केलेलं दार ऐकणाऱ्यांनी असं उघडून घेतलं. तरीही ट्रान्झिस्टर फक्त ऐकवायचा. आपलं काही त्यात ठेवता येत नव्हतं.

ते कॅसेटने शक्य केलं. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली. साठ मिनिटांची फीत, एका बाजूला तीस मिनिटं. त्याआधी घरात आवाज साठवणं म्हणजे तबकड्या. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात १९६१ मध्ये संपूर्ण कुरआन पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं, तेही तबकड्यांवरच. तबकड्यांची ती थप्पी गरिबाच्या घरात येणं शक्य नव्हतं. कॅसेट आल्यावर तीच तिलावत, नात, कव्वाली, वाझ एका पिशवीत मावू लागली.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत कामं निघाली आणि कोकणपट्टीतून माणसं तिकडे गेली. अब्बाही जेद्दाला गेले. दोन वर्षांनी पहिल्या सुट्टीत आले तेव्हा चादरीत गुंडाळलेला टू-इन-वन घेऊन आले. रेडिओ आणि टेप एकत्र, आणि पुढे एक लाल बटण. तेव्हा मुंबईत मुसाफिरखान्यात, मनीष मार्केटमध्ये वॉकमनही मिळायचे. सोनीने तो १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये आणला, तेही आपल्या एका छोट्या रेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगची सोय काढून. दोघांना ऐकता यावं म्हणून हेडफोनच्या दोन जागा होत्या, पण लाल बटण नव्हतं. वॉकमन हलका होता, देखणा होता. अब्बांनी तरीही सहा मोठे सेल खाणारा जड डबा निवडला.

कारण अम्मीला वाचता येत नव्हतं. अब्बांचं पत्र आलं की शेजारच्या खालाजान वाचून दाखवायच्या आणि अम्मीचं उत्तर त्याच लिहायच्या. नवराबायकोत जे बोलायचं, ते तिसऱ्याच्या तोंडून जायचं, म्हणजे जायचंच नाही. टू-इन-वन आल्यावर गावातल्या कुणा ना कुणाबरोबर कॅसेट येऊ लागल्या. अम्मी दार लावून घ्यायची. दुसऱ्या बाजूवर ती आपलं बोलून भरायची आणि परत पाठवायची. गाण्यांसाठी बनवलेल्या यंत्राचा हा उपयोग आखातात माणूस असलेल्या कितीतरी घरांनी केला. त्याला बोलपत्र म्हणायला हरकत नाही.

कोऱ्या कॅसेटला पैसे पडत, म्हणून ऐकून झालेलं पत्र पुसून त्यावर पुढचं भरायचं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन चिपा असत. त्या मोडल्या की वर काही भरता येत नसे. आमच्या घरात कुणी त्या मोडल्या नाहीत. कॅसेट पुन्हा लागणार होती ना!

१९८९ मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली. मी शाळेत होतो. कोरी कॅसेट मागायची सोय नव्हती, म्हणून पेटीतली एक घेतली, लाल बटण दाबलं आणि गाणी भरली. अम्मीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. "अरे, ती शेवटची होती," एवढंच म्हणाली. त्यानंतर अब्बा कायमचे परत आले होते, पत्रांची गरज उरली नव्हती. घरात राहिलेली तेवढी एकच होती.

पुढचा काळ भराभर गेला. १९९८ मध्ये एमपी-थ्री प्लेअर आले. बत्तीस एमबीत जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. तीन वर्षांनी आयपॉडने पाच जीबीत हजार गाणी बसवली, किंमत ३९९ डॉलर. बोईसरच्या खोल्यांत राहणाऱ्या तारापूर एमआयडीसीच्या कामगारांना तो परवडणारा नव्हता. त्यांच्यापर्यंत संगीत आलं ते चायना मोबाइल आणि मेमरी कार्डातून. स्टेशनाजवळ 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. एकाच काउंटरवर भोजपुरी, भजन, कव्वाली आणि तारप्यावरची गाणी भरून मिळत. आता फोनवर सगळं आहे, पण रिचार्ज संपला की बरंचसं बंद.

म्हणून परवा दुकानदाराला म्हटलं, "बजेट राहू दे, आधी मागचं झाकण उघड." बॅटरी काढता येते का ते पाहिलं. बीएल-५सी निघाली, जुन्या नोकियात असायची तीच. कुठेही मिळते. मग कार्डाची खाच, एफएम, आणि शेवटी रेकॉर्डिंग. झगमगते दिवे असलेले डबे बाजूला सारले. रेकॉर्डिंगची सोय फक्त दोनांत होती. त्यातला साधा घेतला.

घरी येऊन पेटीतली ती कॅसेट काढली. भाच्याच्या लॅपटॉपला मागून आणलेला टेप वायरने जोडला. फीत पेन्सिलीने सैल करून लावली. माझी गाणी बाजू संपायच्या थोडं आधी थांबली होती. त्यापुढे अब्बांचा आवाज होता, तीन मिनिटांहून थोडा कमी. पगाराचं, पावसाचं आणि घराच्या कौलांचं बोलले आहेत. अम्मीचं नाव दोनदा घेतलं आहे. ते कार्डात भरलं आणि त्याच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्या.

डब्यात आता तिलावत पहिली लागते, मग जुनी गाणी, आणि सगळ्यात शेवटी अब्बा. अम्मीने तिथपर्यंत पोहोचायला बटण किती वेळा दाबायचं ते पाठ केलं आहे. काल मी तिला लाल बटण दाखवलं आणि म्हटलं, आता तू बोल. "काय बोलू?" म्हणाली. पण डबा घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.